जहाजावरचा टोपस

नागपुरात कोणाला सांगितलं की मी नौदलात होतो, तर समोरचा आधी हसायचा. "इथं समुद्र कुठाय बे? अंबाझरी तलावात बोट चालवत होता का?" मी चिडायचो. सुरुवातीला तर दोनदा हातघाईवर आलो, इतकं माझं डोकं गरम. मग शहरात आणखी तिघं आले, तिघंही माझ्याच जहाजावरचे, आणि दर रविवारी सकाळी रामदासपेठेतल्या एका टपरीवर आम्ही चौघं चहाला जमू लागलो. एक जहाजाच्या स्वयंपाकघरातला, एक इंजिनखोलीतला. मी सिग्नलवाला, म्हणजे झेंडे हलवून दुसऱ्या जहाजाशी बोलणारा. आणि चौथा टोपस.

टोपस म्हणजे संडास-मोऱ्या धुणारा. जहाजावर माणसाला नावानं कमी आणि कामानं जास्त हाक मारतात. नऊ वर्षं अख्खं जहाज त्याला टोपस म्हणत होतं, मीही म्हणायचो. भरतीच्या वेळी त्याच्यासाठी तेवढी एकच जागा उरली होती. संध्याकाळी काम आटोपलं की तो वर डेकवर यायचा आणि माझ्या मागं लागायचा, "मलेही शिकव ना गा." मी शिकवलं. काय हात चालायचे त्याचे! मला जे सहा महिन्यांत जमलं ते त्यानं दोन महिन्यांत उचललं. मी त्याला तसं कधी बोलून दाखवलं नाही.

नोकरी संपवून आम्ही नागपुरात आलो, तेव्हा पहिल्यांदा त्याच्या घरी गेलो. खाटेवर त्याचा बाप बसला होता. म्हातारा मूळचा कुहीकडचा. गावातली मेलेली ढोरं ओढायचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराकडे. छप्पन साली त्यानं नागपुरात येऊन दीक्षा घेतली, गावात परत गेला आणि पाटलाच्या तोंडावर सांगितलं की आजपासून ढोर उचलणार नाही. गावानं त्याचं पाणी बंद केलं, मजुरी बंद केली. मग बायको-पोरांना घेऊन तो शहरात आला, गिरणीत लागला, अर्धपोटी राहिला, पण पुन्हा त्या कामाला हात लावला नाही. हे सगळं त्यानं पहिल्याच भेटीत मला ऐकवलं. वर म्हणाला, "आता माह्या घरात कोणी कोणाची घाण उचलत नाही, बाबू. माहा पोरगा जहाजावर झेंडे दाखवे. कप्तान त्याच्या हाताकडे पाहे."

पोरगा बापाच्या मागं उभा होता. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला जागेवरच सगळं उमगलं. मी म्हणालो, "हो ना बाबा. एक नंबर सिग्नलवाला."

रस्त्यापर्यंत सोडायला आला तेव्हा त्यानं माझा दंड धरला. "म्हाताऱ्याले कधीच सांगू नको गा. या एकाच गोष्टीवर तो जगून राहिला."

"अबे, येडा झाला का? मी काहून सांगू?"

खरं सांगतो, घरी जाताना मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

पुढं दहा वर्षं मी त्या घरी जात राहिलो. म्हातारा माझे अति लाड करायचा. बाकी दोघांना चहावर वाटेला लावायचा, पण मला खाटेवर आपल्याजवळ ओढून घ्यायचा, आपल्याच ताटातली भाकर मोडून माझ्या हातात द्यायचा. "खाय रे, लाजू नको," म्हणायचा. मी खापा गावचा, शेतकऱ्याच्या घरातला. माझ्या आईला हे कळलं असतं तर तिनं मला अंगणातच आंघोळ घातली असती. त्यामुळे मला वाटायचं, आपण आपली जात बाजूला ठेवून यांच्याकडे जेवतो, त्याचंच म्हाताऱ्याला अप्रूप. मी उपकार केल्यासारखा जेवायचो. लिहितानाही लाज वाटते.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात टोपसला कावीळ झाली. आधी झाडपाला, मग कोणी सांगितलेला ताईत, आणि दवाखान्यात नेलं तोवर डोळे पार हळदीसारखे झाले होते. आठव्या दिवशी गेला. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती बिचाऱ्यानं. त्या रविवारी टपरीवर आम्ही तिघंच बसलो.

जलदानाच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या दिवसकार्याच्या, दिवशी त्याच्या घरी गेलो. दारापुढं मांडव होता, वंदना झाली, आणि मग लोक एकेक करून त्याच्या आठवणी सांगायला उठले. काय बोलायचं ते आम्ही रस्त्यातच ठरवलं होतं. स्वयंपाकघरवाला म्हणाला, वादळातही याचे झेंडे चुकत नसत. इंजिनवाल्यानं तर याला सिग्नल देताना धड पाहिलंही नसेल, तोही तसंच काहीतरी बोलला. म्हातारा डोळे पुसत मान डोलवत होता. पोरगा गेला होता, पण पोराचं मोठेपण तेवढं त्याच्यापाशी उरलं होतं.

माझी पाळी आली तसा तो स्वतःच उठला. माझा हात धरून मला उभं केलं आणि वस्तीतल्या पोरांना म्हणाला, "याले पाहा रे. हा जहाजावर लोकाइचे संडास धुवे. कास्तकाराच्या घरचा, पण पोटासाठी धुवे. माह्या पोरानं याले कधी दूर नाही केलं. आमीबी नाही केलं."

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा कान तापले. मला वाटलं, पोरानं घरी माझं काम स्वतःवर घेतलं आणि स्वतःचं माझ्यावर टाकलं. सगळा मांडव माझ्या हातांकडे पाहत होता. एक श्वास थांबलो असतो तरी पुरे होतं. नाही थांबलो. ओरडलोच, "मी? अहो, झेंडेवाला मी होतो! टोपस तुमचा पोरगा होता! नऊ वर्षं त्यानं धुतले संडास!"

पुढं कितीतरी दिवस मी त्या दोघांना सांगत राहिलो की मला खोट्याचा राग आला. काही खोट्याचा वगैरे आला नव्हता. खोटं तर मी दहा वर्षं खुशाल सांभाळलं होतं. चार लोकांत ते काम माझ्या अंगाला लागलं, तेवढंच मला सहन झालं नाही. जात बाजूला ठेवली म्हणत होतो ना मी! कुठली ठेवलीय!

म्हातारा त्या दोघांकडे वळला. "खरं हाय का?"

दोघं खाली पाहत राहिले. मी म्हटलं, "बाबा, नाही. माझं डोकं फिरलं, खोटं बोललो मी." पण त्यानं माझं ऐकलंच नाही. तो हळूच सतरंजीवर बसला.

"तो चिठ्ठीत लिवे," म्हातारा म्हणाला, "का जहाजावर एक टोपस हाय. पोरगा चांगला हाय, पण त्याच्या हाताले वास राहते म्हणून कोणी त्याले जवळ बसू देत नाही. तो आपलं ताट घेऊन मोरीपाशी एकटाच जेवते. कधी कधी जेवतच नाही. मी त्याले लिवून पाठवलं, बाबू, त्याले आपल्याजवळ बसव, आपल्या ताटात घे." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तू त्याचा जिवलग, म्हणून मी समजलो तो तू होता."

मग म्हाताऱ्यानं आम्हा तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"मंग माह्या पोराले तिथं कोणी जवळ घेतलं का?"

स्वयंपाकघरवाल्यानं त्याचं ताट वेगळं ठेवलं होतं. इंजिनवाला त्याला पाहून जागा बदलायचा. आणि मी, त्याचा जिवलग, नऊ वर्षांत एकदाही त्याच्याजवळ जेवायला बसलो नव्हतो. बापाच्या हातची भाकर खाल्ली ती पुढं, नागपुरात.

"नाही," मी म्हणालो. खोटं बोलायला पाहिजे होतं ते तेव्हा, आणि तेव्हाच मला ते सुचलं नाही.