मावशीच्या जाळीच्या पिशव्या

मावशीने आयुष्यभर शिवणाचं दुकान चालवलं. शाळेचे गणवेश, पडदे, लग्नाचे कपडे, सगळं तिच्या मशीनखालून गेलं. हात इतका नेटका, की कपडा उलटा करून शिवण बघत बसावं. त्यामुळे आमच्या नदी-प्रयोगशाळेला जाळीच्या पिशव्या हव्या होत्या, तेव्हा मी सरळ तिच्याकडे गेले.

"अर्ध्या मोठ्या जाळीच्या, अर्ध्या बारीक. आत वाळका पाला भरून ओढ्यात बांधायच्या आहेत."

"आणि मग?"

"मग तो कुजायची वाट बघायची."

मावशीने चष्मा कपाळावर सरकवला. "यासाठी एवढं शिकलीस?"

आत चहा पीत असलेल्या काकांना ठसकाच लागला.

चेष्टा केली, पण पिशव्या शिवल्या दुहेरी टाक्याने. वर अट घातली, "बाहेर काढशील त्या दिवशी मला न्यायचं. माझी मेहनत कशी कुजली ते बघू तरी दे."

दोन महिन्यांनी ती काकांचे गमबूट घालून आली. ओढ्यात उतरली, बूट चिखलात रुतला आणि मावशीने पाण्यात फतकल मारली. मी घाबरून धावले, तर ही हसत सुटलेली. "बसलेच आहे, तर इथूनच बघते. आण तुझा पाला!"

बारीक जाळीतली पानं काळी, मऊ पडली होती, पण बरीचशी शाबूत होती. मोठ्या जाळीची पिशवी उघडली आणि मावशीने हात पुढे केला. पानांच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या, लेस विणावी तशा. तिच्या तळहातावर इवल्याशा अळ्या चालायला लागल्या.

"यांनी खाल्लं हे?"

"हो. बारीक जाळीत त्यांना शिरता येत नाही, तिथे फक्त बुरशी आणि जिवाणू. पानातला थोडा कार्बन या अळ्यांच्या अंगी लागतो, त्यांना मासे खातात. बराचसा श्वासावाटे हवेत जातो, त्यातूनच झाडं परत पानं करतात. उरलेला चुरा वाहत खालच्या तळ्यात."

मावशीने काठावरच्या झाडांकडे पाहिलं. "म्हणजे झाड वाढतंय, ओढा जेवतोय. आणि ताटं माझ्या दुकानातली!"

त्यानंतर मापं द्यायला येणाऱ्या प्रत्येकीला आधी अळ्यांचं कौतुक ऐकावं लागलं. आता पानगळ सुरू झाली की जाळी कधी आणतेस म्हणून तिचाच फोन येतो. पहिली पिशवी उघडायचा मानही तिचाच. आम्ही शास्त्रज्ञ तिच्याभोवती गुडघाभर पाण्यात माना लांब करून उभे राहतो.