उतरताना दुखणारा गुडघा

नागावच्या आमच्या वाडीतले नारळ कित्येक वर्षं गावातले एक काकाच पाडतात. चालताना पाय बाहेरच्या अंगाला फेकतात. अंगठा बाकीच्या बोटांपासून फटकून असतो आणि घोट्याच्या आतल्या बाजूला माडावर चढताना पायांत अडकवायच्या दोराने पडलेला जाड घट्टा आहे. मी हाडांचा डॉक्टर. एक्स-रे दाखवून त्यांना बजावलं, "गुडघ्याच्या वाटीखालची गादी झिजलीय काका, आता माडावर चढू नका."

"चढताना न्हाय दुखत, डाक्टर. उतरताना दुखतो," म्हणाले, आणि कोयता कमरेला अडकवून वाडीत गेले.

चढण्याआधी ते प्रत्येक माडाला टाचेने दोनदा ठोकतात. गेल्या महिन्यात घरावर झुकलेल्या माडावर निम्म्यापर्यंत चढले आणि थांबले. पायांचे तळवे खोडाला घट्ट लावून क्षणभर तसेच राहिले, मग गुडघा सांभाळत हळूहळू उतरले.

"ह्यो आतून खाल्लेला हाय. पायाला कळतं. घरावर पडायच्या आधी तोडून घ्या."

माड बाहेरून ठणठणीत दिसत होता, तरी तोडून घेतला. आत भुंग्याने नुसता भुसा करून ठेवला होता.

आता ते दवाखान्यात आले की मी एवढंच म्हणतो, "काका, उतरताना जपा."