एक पुडी, एक तांब्या

हे मी लेकीला सांगितलं नाही, आमच्या ह्यांनाही नाही — ते तर आता गेलेच. आज तुमच्याजवळ बोलते. जरा धीर धरा, मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही.

पाचोडच्या अलीकडं एका गावात मी आशाताई होते. शाळा आठवीत सुटलेली, पुढचं सगळं माझं मीच वाचलेलं. त्याची थोडी घमेंड होती — थोडी कशाला, लई होती. प्रशिक्षणात आम्हाला लिटरचं माप दिलं होतं, प्लास्टिकचं. ते मी घरी तांदूळ मोजायला काढलं. आमचा पाण्याचा तांब्या बरोब्बर लिटरचा, म्हणून घरोघरी सांगत सुटले — जलसंजीवनीची एक पुडी, एक तांब्या पाणी. बायांच्या लक्षात राहायचं. मलाच माझं कौतुक.

गावातल्या नसीमची पहिली पोर बावीस दिवसांची असताना तिला जुलाब लागले. एवढ्या तान्ह्या लेकराला लगेच दवाखान्यात धाडायचं, हे मला पाठ होतं. अंगावरचं दूध चालू ठेव, मी म्हणाले, ते ठीक. दवाखान्याचं मात्र म्हणाले, उद्या बघू. पुडी दिली. नसीमनं तांब्या काढला — माहेरहून आलेला, नक्षीचा, लहानसा. अर्ध्या लिटरच्या वर काही मावायचं नाही त्यात.

"मावशी, ये छोटा है ना?"

"तांब्या तो तांब्या. टाक सगळी."

मला दुसऱ्या घरी जायचं होतं. घाई होती — पण घाई काय, रोजच असते.

दिवसभर तिनं चमच्या-चमच्यानं ते दुप्पट खारं पाणी पोरीला पाजलं. दुसऱ्या दिवशी पोरीला झटके आले. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं, मी सोबत होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाणी कुणी कालवलं? सासू शेजारी उभी. आणि मी — हेच सांगायचं होतं — मी म्हणाले, "हिनं. मी लिटरभर सांगितलं होतं."

नसीमनं माझ्याकडं पाहिलं. एकोणीस वर्षांची नवी सून, तिचं कोण ऐकणार होतं? हे मला ठाऊक नव्हतं का?

पोरगी वाचली. आज दहावीला आहे, चांगली आहे. पण सासूनं त्या दिवसापासून धरलंच, "इसके हात कू नमक का अंदाज नई." सालन असो की लेकराचं औषध, नसीमच्या हातात काही द्यायचं नाही. गल्लीत तिला नमकवाली म्हणायला लागले. एकदा हळदीकुंकवात कुणीतरी म्हणालं, सगळ्या हसल्या. मीही हसले.

एवढ्यावर थांबले असते तरी — नाही, थांबले नाही. नव्या आशा आल्या की त्यांना शिकवायला मलाच बोलवायचे. मी उदाहरण द्यायचे, आमच्या गावातल्या एका आईनं बघा, पाणी न मोजता पुडी कालवली. दर वेळी तेच. पोरी वहीत उतरवून घ्यायच्या.

तीन वर्षांनी नसीमला मुलगा झाला. त्यालाही महिनाभरात जुलाब लागले. या खेपेला मी दवाखान्याची गाडी आधी बोलावली, आणि डॉक्टरांना फोनवर विचारून, ती येईस्तोवर पाजायला लिटरच्या बाटलीनं पाणी मोजून पुडी कालवली. नसीम बघत बसली होती. सासू बाहेर गेल्यावर हळूच म्हणाली, "मावशी, उस दिन मैंने पूछा था ना, छोटा है करके? या नई पूछा?"

खरंच विचारत होती. इतकी वर्षं ऐकून ऐकून तिची तिलाच खात्री राहिली नव्हती.

मी म्हणाले, "नाय गं. काहीच नव्हतं विचारलंस."

तिनं मान हलवली. लेकरू मांडीवर घेतलं, आणि चमचा माझ्या हातात दिला.