सोमवारची सुई

माझी शाळा चौथीत सुटली. सतराव्या वर्षी मी परभणीकडच्या आमच्या गावातून रत्नागिरीच्या एका वृद्धाश्रमात कामाला आले. घरचं पत्र यायला आठ-दहा दिवस लागायचे, इतकं ते लांब.

तिथल्या सिस्टरनी मला मधुमेहाच्या चार जणांना सुई द्यायला शिकवलं. काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची. गढूळ औषधाची बाटली हलवायची नाही, दोन्ही तळहातांत घोळवायची. मग मांडीची कातडी चिमटीत धरून टोचायचं, आणि अर्ध्या तासात न्याहारी. हात बसला, पण सिरिंजवरचे इंग्रजी आकडे मला धड वाचता येत नव्हते. तसं सांगितलं तर काम जाईल, नाही सांगितलं तर एखादं माणूस जाईल. ही धास्ती रोज सकाळी असायची.

आषाढात बाईंना गोळ्या पुरेनात, म्हणून त्यांनाही सुई लागली. बाई म्हणजे आश्रमातच राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. पहिल्याच सकाळी त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांब गो. किती भरलंस?"

"वीस, बाई."

"ही सोळाची रेघ. बस इथे."

त्यांनी सिस्टरना काही सांगितलं नाही. रोज दुपारी पाटीवर सिरिंजचं चित्र काढून त्या माझ्याकडून रेघा मोजून घेत. महिन्याभरात मला शंभरापर्यंत आकडे आले. टोचताना म्हणायच्या, "जन्मभर पोरांना छड्या मारल्या. सगळ्यांच्या वतीनं तू उगव हो सूड."

मग पहिला श्रावणी सोमवार आला. नेहमीसारखी सुई दिली, घावनाची ताटली खाटेशी ठेवली आणि मी पुढे गेले. सिस्टर त्या सकाळी औषधं आणायला बाजारात गेल्या होत्या. तासाभरानं ताटल्या गोळा करायला आले, तर बाईंची रिकामी. पण बाईंच्या कपाळावर घामाचे थेंब, आणि पोथीचं पान उलटायला गेलेला हात लटलट कापत होता.

"बाई, खाल्लं ना?"

शेजारच्या खाटेवरच्या काकू म्हणाल्या, "मी खाल्लं त्यांचं. त्यांचा सोमवार ना! फुकट कशाला घालवायचं?"

सिस्टरनी बजावलं होतं, सुईवर पोट रिकामं राहिलं तर माणूस बेशुद्ध पडतं. स्वयंपाकघरात धावले, वाटीभर साखर आणली. बाईंनी ओठ गच्च मिटले.

"घ्या की वो, बाई."

"दिवेलागणीपर्यंत तोंडात काही घालायची नाही मी." जीभ जड झाली होती, हट्ट मात्र शाबूत.

"मग सुई कशाला घेतली?"

"औषधाला उपास नसतो."

मी रडत होते. आई आठवली, आणि सिस्टर आल्यावर काय म्हणतील तेही. तरी बाईंचंच वाक्य हाताला लागल्यासारखं झालं. चमचा त्यांच्या ओठाला लावून मी म्हटलं, "मग हे औषधच आहे. सुईवरचं औषध. घ्या."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. वर्गात एखाद्या ढ पोरीनं उत्तर दिलं की बघत असतील, तसं. मग त्यांनी तोंड उघडलं.

मी चमच्यामागून चमचा भरवत गेले. वर साखरेचं पाणी पाजलं. घाम ओसरला, हात थांबला. काकू उठल्या आणि पदरानं बाईंची मान पुसू लागल्या.

"किती चमचे दिलेस?" बाईंनी विचारलं.

"मोजले नाहीत."

"मग महिनाभर शिकवलं काय तुला?"

तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग पुन्हा रडू.

सिस्टर आल्यावर मी सगळं सांगितलं. आकड्यांचंही. त्या रागावल्या, पण मला काढलं नाही. तेव्हापासून मी सुईआधी ताटली हातात देत असे, आणि पहिला घास डोळ्यांनी बघितल्यावरच जागची हलत असे.

पुढच्या सोमवारी सुई घेऊन गेले तेव्हा बाई पोथी बाजूला ठेवून बसल्या होत्या. मांडीवर दोन केळी आणि दुधाचा पेला. काकूंकडे पाठ करून म्हणाल्या, "ये गो. माझं औषध आज कुणी खाल्लेलं नाही. बघ मोजून."

मी मोजलं. दोन केळी, आणि सिरिंजमध्ये बरोबर वीस.