गोधडीचं दुसरं टोक

आमच्या बुढीनं, माह्या बायकोनं, अन् म्या सोबत केलेलं शेवटचं काम म्हणजे पूर्णा नदीवर गोधडी धुणं. एक टोक ती पिळे, दुसरं मी.

कापसाच्या तेजीचे दिवस होते. फाटके बारदान, सडका कापूस, सारं लोक नदीत लोटत. कापसाचे गठ्ठे बांधाले समुद्राकडचा एक खलाशी आला होता. सांजच्याले तो कमरभर पाण्यात उभा राहून ते काढे, पिळे अन् दगडावर हळूच पसरे, जसं लेकराचं आंगडं.

मी हसलो, "काहून गा, नदी तुह्या बापाची हाय काय?"

"बाबा, ही तापीत जाते, तापी आमच्या गावापाशी समुद्रात. तुमचं बारदान माझ्या भावाच्या जाळ्यात येतं."

बुढी मले म्हणे, "मले नेता काय समुद्र पाहाले?"

त्याच पंधरवड्यात ती तापानं गेली. तिची राख पूर्णेत सोडली. भाऊबंद म्हणाले, "गोधडीबी सोड, रीत हाय." मी नाही सोडली. ती समुद्राकडं निघाली होती; तिच्यामागं कचरा कसा धाडू?

दुसऱ्या दिवशी सांजच्याले मी गोधडी नदीवर नेऊन धुतली. एकट्यानं पिळता येईना. तो खलाशी पाण्यातून आला अन् त्यानं दुसरं टोक धरलं. मंग आमी पिळली.