वटवाघळांचे ढेकूण

गल्लीत त्यांना सगळे टाचणीताई म्हणायचे. झगे-कोट शिवताना दोन-तीन टाचण्या कायम ओठांत धरलेल्या, आणि त्या तशाच ठेवून बोलायची सवय. घर इतकं लख्ख की घड्याळं दुरुस्त करणारा त्यांचा नवरा म्हणायचा, "इथे धूळसुद्धा विचारून बसते."

त्या घराच्या छपराखाली, माळ्यावर, वटवाघळांनी बिऱ्हाड थाटलं होतं. सुताराने फटीवर अशी जाळी बसवली की बाहेर जाता येईल, पण परत शिरता येणार नाही. शेवटचं वटवाघूळ गेलं, सुताराने फट बुजवली आणि ताई त्या दिवशी शिवणयंत्र चालवता चालवता चक्क गायल्या.

थोड्याच दिवसांत त्यांच्या दंडावर लाल गांध्या उठल्या. ढेकूण? आपल्या घरात? त्यांनी गाद्या उलट्यापालट्या केल्या, नवऱ्याला काही बोलल्या नाहीत. आणि नेमक्या तेव्हाच थोरल्या नणंदबाई राहायला आल्या. या घरात खोट काढायला जागा मिळत नाही, याचं त्यांना फार वर्षांचं दुःख होतं.

दोन दिवसांनी सकाळी चहाला दोघी मनगटापर्यंत बाह्यांचे कपडे घालून बसल्या. बाहेर उकाडा मरणाचा. नवरा मधे बसून खुशाल मान खाजवत होता.

"तुम्हाला पण काही चावतंय का?" त्याने विचारलं.

"घामोळं आलंय," नणंदबाई म्हणाल्या.

"मलाही," ताई म्हणाल्या.

तेवढ्यात टेबलावरच्या पांढऱ्या कापडावरून एक ढेकूण निघाला. कसली घाई नाही, गडबड नाही. फिरायला निघालेल्या पेन्शनराच्या चालीने तो साखरेच्या भांड्याकडे गेला. तिघंही बघत राहिली.

नणंदबाईंचा चेहरा पडला. "वहिनी, माझ्याच बॅगेतून आलेत गं," त्या पुटपुटल्या. "काल पहाटे उठून अंगणात बॅग झटकून आले. तुला काय तोंड दाखवू, कळेना."

"अहो वन्सं, तुम्ही यायच्या आधीपासून चावतायत मला," ताई म्हणाल्या. "तुम्ही सगळ्या नातेवाइकांत सांगाल म्हणून गप्प बसले."

"सांगितलंच असतं," नणंदबाई म्हणाल्या, आणि त्यांना हसू फुटलं. मग ताईंना. ओठांत टाचण्या नव्हत्या म्हणून बरं.

नवऱ्याने डोळ्याला भिंग लावलं. "ढेकूणच आहे. पण जरा जास्तच केसाळ दिसतोय."

औषध फवारणाऱ्या माणसाने उलगडा केला. हे वटवाघळांच्या अंगावर जगणारे ढेकूण. त्यांचं जेवण उडून गेलं, म्हणून भुकेले खाली उतरले. आधी माळा साफ करा, मग पावडर मारतो, म्हणाला.

माळा साफ करायला नणंदबाईच पुढे सरसावल्या. दोघींनी नवऱ्याचे रेनकोट चढवले, हातमोजे घातले, नाकातोंडाला मास्क लावले. धूळ उडू नये म्हणून वटवाघळांच्या लेंड्यांवर पाणी शिंपडलं, पोती भरली. उतरताना नणंदबाई माळ्याच्या झडपेत कमरेशी अडकल्या. ताई खालून ओढत होत्या, नवरा शिडी धरून सूचना करत होता, आणि नणंदबाईंना हसण्याची अशी उबळ आली की त्या आणखीच घट्ट बसल्या. शेवटी रेनकोट वरच राहिला आणि त्या खाली आल्या.

पावडर मारून झाली, छतातली भेग न् भेग पुट्टीने भरली. ताईंनी शिवायला आलेले कपडे कडक इस्त्रीखालून काढले आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला खरं काय ते सांगितलं. एकच बाई कोट परत घेऊन गेली. बाकीच्या मास्क कसले, लेंड्या किती, हेच खोदून खोदून विचारत बसल्या.

पुढे आठवडाभर एखाददुसरा ढेकूण दिसायचा. "वहिनी, तुझ्याकडे आला," असं म्हणून नणंदबाई चिमट्याने उचलायच्या आणि साबणाच्या पाण्यात सोडायच्या. मग तेही संपलं. नणंदबाईंनी मात्र मुक्काम वाढवला. दुपारी त्या काजं करायला बसत, ताई यंत्र चालवत, आणि दोघींपैकी कुणी सहज दंड खाजवला तरी पुन्हा हसणं सुरू होई. शेजारच्या खोलीतून नवरा म्हणे, "अगं, हसून हात हलतोय माझा. घड्याळाचा काटा बसवू दे."