न वाचलेल्या पुस्तकाची पाहुणी

आम्ही चेन्नईत राहायला गेलो त्या सुमारास शहरात पाण्याचे फार हाल होते. नळ कोरडे पडलेले. पाणी लॉरीने येई, आणि ती कधी येईल हे कुणालाच सांगता येत नसे. कधी सकाळी अकराला, कधी दुपारी चारला. हॉर्न वाजला की गल्लीतल्या बायका प्लास्टिकच्या रंगीत घागरी घेऊन धावत जिने उतरत. लॉरी चुकली तर दोन दिवस काढणं कठीण, म्हणून मी घर सोडून कुठे जात नसे. दिवसभर कान रस्त्याकडे लावून दुसऱ्या मजल्यावर बसायचं.

नवरा गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात होता. कंपनीची बस त्याला पहाटेच घेऊन जाई आणि दिवेलागणीनंतर आणून सोडी. तो दमलेला असे, जेवून झोपे. वाईट माणूस नव्हता. कोल्हापुरात मी शाळेत शिकवत होते, ती नोकरी सोडून त्याच्यामागे आले होते. दोन वर्षांचाच प्रश्न आहे, असं आमचं ठरलं होतं. तिसरं वर्ष निम्मं सरलं होतं. तमिळ मला पाणी, भाजी आणि 'नाही' एवढ्यापुरतं येत होतं. दिवसाकाठी मी किती शब्द बोलते, असा विचार एकदा मनात आला आणि मी तो झटकून टाकला.

आमचे घरमालक निवृत्त गृहस्थ होते, तळमजल्यावर राहायचे. जवळच्या सरकारी वाचनालयात त्यांची रोजची बैठक. त्या वाचनालयात दर वर्षी एक उपक्रम होई: साऱ्या वस्तीने मिळून परक्या प्रांतातलं एक पुस्तक वाचायचं, शनिवारी जमून त्यावर बोलायचं, तिथलं खाणं, गाणं, चालीरीती समजून घ्यायच्या. त्या वर्षी महाराष्ट्राची पाळी होती. एका मराठी कादंबरीच्या तमिळ अनुवादाच्या प्रती गल्लीगल्लीत वाटल्या गेल्या होत्या. घरमालकांनी ग्रंथपालबाईंना सांगितलं, आमच्या वरच मराठी बाई राहते. मग घरमालकांनीच माझ्या नवऱ्याला विचारलं. नवरा हो म्हणाला. मला कळलं ते जेवताना.

"जा की," तो म्हणाला. "तेवढाच तुझा वेळ जाईल. शनिवारी पाण्याचं घरमालकीणबाई बघणार आहेत."

पहिल्या शनिवारी मी गेले. लोखंडी कपाटं मागे सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. निवृत्त पुरुष, कॉलेजच्या मुली, पोरं कडेवर घेतलेल्या बायका. ग्रंथपालबाई पन्नाशीच्या, मृदू बोलणाऱ्या. त्यांनी माझ्या गळ्यात मोगऱ्याचा हार घालून मला सगळ्यांच्या समोर, एकटीला, खुर्चीवर बसवलं. मी इंग्रजीत त्यांना आधीच सांगितलं की मी ही कादंबरी वाचलेली नाही, मराठी प्रत इथे मिळत नाही आणि तमिळ मला वाचता येत नाही. त्या हसल्या. म्हणाल्या, तुम्हाला वाचायची काय गरज? तुम्ही तर तिथल्याच.

त्यानंतर दर शनिवारी तेच. लोक तमिळमध्ये चर्चा करत, मधूनच सगळे माझ्याकडे वळून बघत, आणि बाई मला इंग्रजीत विचारत: तुमच्याकडे खरंच असं असतं का? असं म्हणजे कसं, ते मला कळलेलंच नसे. मी म्हणे, काही घरांत असतं, काही घरांत नसतं. हे उत्तर कुणाला आवडत नसे. त्यांना एक महाराष्ट्र हवा होता. घरी दिवसभर मी कुणाशी बोलत नव्हते, आणि इथे आठ-नऊ कोटी माणसांच्या वतीने बोलायला मला खुर्चीत बसवलं होतं. दोन्हीकडे जीव सारखाच गुदमरायचा.

मागच्या रांगेत एक म्हाताऱ्या बाई बसायच्या. तिसऱ्या का चौथ्या शनिवारी त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "पोरी, तूं हें वाचिलेंच नाहीस ना?"

मी दचकलेच. शब्द मराठी होते, पण हेल पुरता तमिळ, आणि मराठी कुठल्याशा जुन्या बखरीतून उठून आल्यासारखी. त्या तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. त्यांच्या पूर्वजांनी महाराष्ट्र सोडून शतकं लोटली होती, आणि त्यांनी तो उभ्या जन्मात पाहिला नव्हता. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना मामी म्हणू लागले.

मामींचं घर वाचनालयाच्या मागच्याच गल्लीत होतं. त्यांनी मला मंगळवारी सकाळी लवकर, लॉरीच्या वेळेआधी, यायला सांगितलं. तमिळ पुस्तक मांडीवर उघडं ठेवून, ओळीखाली बोट फिरवत, त्या ते मला मराठीत सांगू लागल्या. 'झालं'ला 'जाहलें' म्हणायच्या. एखादा शब्द अडला की तमिळच घालायच्या. अशी ती मराठी कादंबरी तमिळमधून फिरून त्यांच्या मराठीत माझ्यापर्यंत आली. त्यांचं बोट बघता बघता मला अक्षरंही ओळखता येऊ लागली. तमिळमध्ये प आणि ब यांना एकच अक्षर आहे, हे कळल्यावर माझा बराच गोंधळ मिटला.

गोष्ट कोकणातल्या एका मास्तराच्या बायकोची होती. नवरा सज्जन, घरात खायची ददात नाही, कुणी मारत नाही, टाकून बोलत नाही. एक दिवस ती गाठोडं बांधून खाडीच्या तरीवर जाते, होडीत बसते, आणि होडी सुटायच्या आधी उतरून घरी परत येते. घरात कुणाला पत्ताही लागत नाही. मामींनी हे वाचलं तेव्हा मी खिडकीकडे तोंड फिरवलं. पुढचं पान मामींनी बऱ्याच वेळाने उलटलं.

समारोपाच्या शनिवारी मला 'तुमच्या वेशात' यायला सांगितलं होतं. माझी आईसुद्धा पाचवारी नेसायची. माझ्याकडे नऊवारी कुठली? मामींनी आपली जरीची दिली आणि स्वतः नेसवली. सभागृह भरलं होतं. चर्चा होडीच्या प्रसंगावर आली. कडेवर मूल घेतलेल्या एका तरुण बाईने उभं राहून विचारलं, ती होडीत बसली होती, मग परत का आली? ग्रंथपालबाईंनी प्रश्न मला इंग्रजीत सांगितला आणि माईक पुढे केला.

या वेळी मला पुस्तक माहीत होतं. मी म्हणाले, "होडीत कुणालाही बसता येतं. उतरायचं कुठे, ते तिला माहीत नव्हतं. माहेरच्यांनी चार दिवस ठेवून घेतलं असतं आणि मग त्यांनीच परत आणून सोडलं असतं."

बाईंनी त्याचं तमिळ केलं. टाळ्या झाल्या. मला बरं वाटायच्या आत मामी शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "तूं म्हणालीस तें हें नव्हे," त्या हळूच म्हणाल्या. "ही बाई सांगते, मराठी बायको घरासच देव मानिते, म्हणून परत आली."

मी त्यांचा हात धरला, जाऊ द्या म्हटलं. मामींनी हात सोडवून घेतला आणि माईक न घेता, जागेवरूनच, खणखणीत तमिळमध्ये माझं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. टाळ्या झाल्या नाहीत. कुणीतरी खोकलं.

मला वाटलं ग्रंथपालबाई चिडतील. त्या माझ्याकडे झुकल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "मला कळलं होतं तुम्ही काय म्हणालात ते," त्या इंग्रजीत पुटपुटल्या. "पहिल्या रांगेत माझ्या सासूबाई बसल्या आहेत."

मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. पांढऱ्या केसांची एक बाई ताठ बसून आमच्याकडेच बघत होती. ग्रंथपालबाईंनी घाईघाईने आभार मानायला सुरुवात केली. मला त्यांचा राग आला होता, तो तिथेच ओसरला. मी उठून त्यांच्या बाजूला उभी राहिले, एवढंच मला सुचलं.

पांगापांग होत असताना ती मुलाची आई माझ्यापाशी आली. तिने मामींना काही विचारलं. मामी मला म्हणाल्या, "पुसते आहे, तुला जावयास ठाव आहे का?"

याचं उत्तर मला तमिळमध्ये येत होतं. "इल्लै," मी म्हणाले. नाही. तिने मान हलवली, झोपलेलं मूल दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि ती गेली.

पुढच्या आठवड्यात वस्तीच्या फुकट वाटल्या जाणाऱ्या साप्ताहिकात माझा नऊवारीतला फोटो आला. घरमालक तो घेऊन वर आले. नवऱ्याला मनापासून आनंद झाला. त्याने त्याच्या आईला फोन लावला, सूनबाई पेपरात झळकली म्हणून सांगितलं. मग फोन कानाशी धरूनच मला म्हणाला, "बघ, उगाच कंटाळत होतीस."

कादंबरीतल्या त्या बाईबद्दल मी काय बोलले हे त्याने विचारलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं होतं, पण तो फोनवर आईला फोटोतल्या साडीचा रंग सांगत होता. मी पेपर घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि फोटोखालची तमिळ ओळ वाचायला बसले. एकेक अक्षर लावायला वेळ लागला. 'मुंबईची महिला' असं लिहिलं होतं. मुंबईत मी कधी राहिलेच नव्हते.

मंगळवारचं मामींकडे जाणं मी बंद केलं नाही. आम्ही दुसरं पुस्तक काढलं, ते मात्र तमिळ होतं आणि मीच ते अडखळत वाचायचं असं मामींनी ठरवलं. नवऱ्याची बदली व्हायला त्यानंतर आणखी सहा वर्षं लागली.